विचारा कोचताईंना : पोरगी 'आज नको' म्हणाली तर?

या महिन्यात पत्रांपेक्षा व्हॉट्सअ‍ॅपच जास्त आलं, त्यातही अर्धे व्हॉइस मेसेज, मागे कुकरची शिट्टी, कोणाचा ट्रॅक्टर, एकाच्या मागे तर लग्नाचा बँड. संपादकांनी ते ऐकून ऐकून लिहून काढले आणि माझ्याकडे पाठवले, त्यांचे आभार. नावं छापू नका असं बहुतेकांनी सांगितलंय म्हणून फक्त गाव देतेय. प्रश्न वेगवेगळे असले तरी फिरून फिरून गाडी एकाच जागी येते, की हा जो जिम्नॅस्टिक्सचा कोच आमच्या लेकराला उलटं करतोय त्याच्यावर भरवसा ठेवायचा का. म्हणून त्यालाच जास्त जागा दिलीय, बाकीच्यांनी राग मानू नका.

चोपडा : ताई, माझी मुलगी आठ वर्षांची आहे. मोबाईलवर रील बघून घरात कार्टव्हील मारते, पलंगावरून उड्या चालूच असतात. आमच्याकडे एक क्लास सुरू झालाय, घालायचा विचार आहे. पण सासूबाई म्हणतात, 'हाड मोडनं तं कोन करी हिनासंगे लगीन?' आणि उंची खुंटते असं तर सगळेच म्हणतात.

सासूबाईंना आधी माझा नमस्कार सांगा. त्यांची भीती अगदीच खोटी नाही, पण पलंगावरून उडी मारताना हाड मोडायचा चान्स क्लासपेक्षा जास्त आहे, कारण पलंगाखाली फरशी आहे आणि शेजारी कोणी उभं नाहीये. चांगल्या क्लासमध्ये सगळ्यात आधी पडायलाच शिकवतात. हात ताठ टेकवून पडायचं नाही, अंग गोल करून लोळायचं. पहिले कितीतरी दिवस फॉरवर्ड रोल, ब्रिज, हँडस्टँड भिंतीला पाय लावून, आणि पळून येऊन दोन्ही पाय जुळवून थांबणं, एवढंच चालतं. पालक कंटाळतात, मुलं नाही कंटाळत. पहिल्याच महिन्यात बॅकफ्लिप शिकवतो म्हणणारा भेटला तर मात्र तिथून चप्पल घालून निघा.

उंचीचं म्हणाल तर उलटं आहे. जिम्नॅस्टिक्सने मुलं बुटकी होत नाहीत, बुटक्या मुलांना हवेत गोल फिरणं सोपं जातं म्हणून वरच्या लेव्हलला तीच जास्त टिकतात आणि टीव्हीवर आपल्याला तीच दिसतात. अमेरिकेची सिमोन बाइल्स 142 सेंटीमीटर आहे हे सगळ्यांना माहिती, पण रशियाची स्वेतलाना खोर्किना जवळपास 165 सेंटीमीटर होती आणि 1996 आणि 2000 अशा दोन्ही ऑलिंपिकला अनइव्हन बार्सचं (एक उंच, एक खाली अशा दोन दांड्यांचं) गोल्ड तिनेच घेतलं. तिची उंची बघून बाकीच्यांनी नाक मुरडलं, पण बोरिस पिल्किन नावाच्या कोचने तिच्या लांब हातापायांना शोभतील अशा मूव्ह बसवल्या. मला कोच म्हटलं की हा माणूस आठवतो, मुलीला साच्यात कोंबण्यापेक्षा साचाच बदलला.

काळजी करायची ती दुसऱ्याच गोष्टीची. वाढीच्या वयात ट्रेनिंग भरपूर आणि खाणं कमी असं झालं तर वाढ लांबते, पाळी उशिरा येते, हाडं ठिसूळ होतात. तेव्हा क्लासला जायच्या आधी केळं, आल्यावर दादर ज्वारीची नाहीतर कळण्याची भाकरी, डाळ, शेंगदाणे, अंडं चालत असेल तर अंडं, आणि डाएटबिएट काही नाही. मनगट दुखतंय असं मुलगी म्हणाली आणि दोनचार दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टरला दाखवा. वाढत्या वयात मनगटाच्या हाडाची टोकं अजून कच्ची असतात आणि या खेळात सगळा भार हातावर येतो, त्यामुळे 'सवय होईल' म्हणून सोडून देऊ नका.

लग्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. माझ्याकडच्या पोरींची झाली, एवढं सासूबाईंना सांगा.

धुळे : मॅडम, माझी मुलगी अकरा वर्षांची. तिचे सर स्प्लिट पूर्ण होत नाही म्हणून पाठीवर बसून दाबतात, रडली तर फटका पडतो. सगळ्यांसमोर वजन करतात आणि जास्त भरलं तर नाव घेऊन बोलतात. मी विचारलं तर म्हणाले, ऑलिंपिकवाले असेच घडतात, बेला कॅरोली कोण होते ते वाचा. मी वाचलं, ते तर खरंच मोठे होते. आता काय बोलू?

भाऊ, वाचलंत ते चांगलं केलंत, पण अर्धंच वाचलंत. सरांनीही अर्धंच वाचलेलं दिसतंय.

बेला कॅरोली मोठे कोच होते यात वादच नाही. ते आणि त्यांची बायको मार्ता यांनी रोमानियात नादिया कोमानेची घडवली. 1976 ला माँट्रियल ऑलिंपिकला 14 वर्षांच्या नादियाला बार्सवर पूर्ण 10 मार्क मिळाले आणि बोर्डावर 1.00 दिसलं, कारण त्या बोर्डाला 10.00 दाखवताच येत नव्हतं, कोणाला मिळतील असं वाटलंच नव्हतं. 1981 ला दोघं अमेरिकेत पळून आले आणि तिथल्या मुलींनाही गोल्डपर्यंत नेलं. आता दुसरं अर्ध. त्यांच्या हाताखालच्या कितीतरी मुलींनी मोठं झाल्यावर उघडपणे सांगितलं, की उपाशी ठेवायचे, वजनावरून घाण बोलायचे, मारायचे. कॅरोली नाकारत राहिले. पण इतक्या जणी, वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या वर्षांतल्या, सगळ्या एकच गोष्ट सांगतात तेव्हा आपण काय समजायचं ते समजायचं.

1996 च्या अटलांटा ऑलिंपिकचा व्हिडिओ तुमच्या सरांनी नक्की दाखवला असेल, अमेरिकेच्या केरी स्ट्रगचा. पहिल्या व्हॉल्टला (पळत येऊन टेबलावर हात टेकून मारायची उडी) तिचा घोटा गेला, तरी बाजूने 'यू कॅन डू इट' ओरडणारे कॅरोली, ती परत धावली, उतरली, लगेच एका पायावर आली आणि कोसळली, मग कॅरोली तिला उचलून पोडियमवर घेऊन गेले. आम्ही सगळ्यांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या, मी पण. फक्त नंतर हिशेब मांडल्यावर कळलं, की ती दुसरी उडी मारली नसती तरी गोल्ड अमेरिकेलाच होतं. त्या क्षणी तिथे कोणाला ते माहीत नव्हतं हे मान्य, पण घोटा दुखावलाय हे तर दिसत होतं ना. ती 18 वर्षांची होती आणि ऑलिंपिक तिथेच संपलं तिचं.

आता 2021 ला टोकियो ऑलिंपिकला या. सिमोन बाइल्स, जगातली एक नंबर, टीम फायनलला एक व्हॉल्ट मारला आणि हवेत आपण कुठे आहोत हेच तिला कळेना. जिम्नॅस्ट लोक याला ट्विस्टीज म्हणतात, शरीर आणि डोकं यांचा हवेतच ताळमेळ सुटतो, आणि त्या अवस्थेत मान मोडू शकते. ती बाजूला आली आणि म्हणाली मी थांबते. अख्ख्या जगाचा कॅमेरा तिच्यावर, पण तिला ढकलून परत पाठवणारं कोणी नव्हतं. टीमने सिल्व्हर घेतलं. आठवडाभराने ती फक्त बीमसाठी (उंचावरच्या अरुंद पट्टीवरचा प्रकार) उतरली, ब्राँझ घेतलं, आणि 2024 ला पॅरिसला येऊन तीन गोल्ड नेले. मी तर पालकांना म्हणते की तो 1996 चा व्हिडिओ एकटा बघूच नका, त्यानंतर लगेच हा बघा.

मधल्या पंचवीस वर्षांत काय घडलं तेही सांगते, कारण ते तुमच्या प्रश्नाशी जोडलेलं आहे. अमेरिकन टीमचा डॉक्टर लॅरी नासर उपचाराच्या नावाखाली मुलींचं लैंगिक शोषण करत होता, कितीतरी वर्षं. 2018 च्या जानेवारीत कोर्टात दीडशेपेक्षा जास्त बायका आणि मुली उभ्या राहून बोलल्या आणि त्याला 40 ते 175 वर्षांची शिक्षा झाली. हे एवढं चाललं कसं? टेक्सासमध्ये कॅरोलींच्या रँचवर नॅशनल टीमचा कॅम्प असायचा आणि तिथे आईवडिलांना प्रवेशच नव्हता. आणि मुलींना लहानपणापासून शिकवलेलं होतं की दुखतंय म्हणायचं नाही, मोठ्या माणसाला नाही म्हणायचं नाही. ज्या मुलीला 'नको' म्हणायची बंदी आहे ती कोणालाच नको म्हणू शकत नाही, चांगल्या कोचला पण नाही आणि वाईट डॉक्टरला पण नाही. फटका देणारा प्रत्येक कोच नासर असतो असं मी म्हणत नाहीये हो, पण तसल्या माणसाला लपायला अशीच जागा लागते.

आता तुमच्या पोरीचं. स्प्लिट हळूहळू, अंग तापवून, रोज थोडं थोडं खाली जाऊन येतं. पोरगी म्हणजे काही पापडाची लाटी नाही, दाबली की पसरली. पाठीवर बसून दाबलं तर मांडीचा मागचा स्नायू फाटतो, कधी कधी हाडाला जिथे चिकटलेला असतो तिथला तुकडाच निघतो आणि मग सहा महिने घरी. वजन करायचंच असेल तर बंद खोलीत, आईसमोर, आणि नंबर तिसऱ्या कोणाला कळता कामा नये, खरं तर या वयात करायची गरजच नाही. मारणं तर विषयच नाही, ते बंद म्हणजे बंद.

एकदा सरांशी समोर बसून बोला, शांतपणे, शक्यतो अजून दोन पालकांना घेऊन. क्लास चालू असताना पालकांना बसू देणार का ते विचारा. नाही म्हणाले तर पुढचं काही विचारायची गरज नाही, मुलीला घरी आणा. सुधारले तर उत्तम. मारणं थांबत नसेल तर चाइल्डलाइन 1098, फुकट आहे, चोवीस तास चालतं, आणि स्पर्शाबद्दल मुलगी काही बोलली तर मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा 2012 चा पॉक्सो कायदा आहे, सरळ पोलिसात जायचं, 'क्लासची बदनामी' वगैरे ऐकून घेऊ नका. आणि मुलीला रात्री जेवताना सहज विचारत जा, आज कशाला नको म्हणालीस? रोज रोज 'कशालाच नाही' असं उत्तर आलं तर ते चांगलं लक्षण नाही.

साक्री तालुका : मी आश्रमशाळेत पी.टी. शिक्षक आहे. मुलं-मुली इतकी लवचिक आणि काटक आहेत की बघून वाटतं यांना जिम्नॅस्टिक्स शिकवलं तर काय करतील. पण मी स्वतः कबड्डीवाला, जिम्नॅस्टिक्स कधी केलं नाही. साधनं शून्य, काँक्रीटचा कट्टा आणि चार गाद्या. सुरुवात करू का नको?

सर, पहिलं ते गाद्यांचं. कापसाची गादी म्हणजे मॅट नाही. मध्ये खळगा पडतो, पाय रुततो आणि घोटा वळतो, दोन गाद्यांच्या फटीत तर पाय हमखास जातो. त्या गाद्यांवर लोळणं, फॉरवर्ड रोल, ब्रिज एवढं करा. हवेत उलटं होणारी कुठलीही गोष्ट, समरसॉल्ट, फ्लिक, हे तुम्ही शिकल्याशिवाय आणि खरी मॅट आल्याशिवाय नाही. पांझरा नदीच्या वाळूत पोरं आपली आपण मारतात, मला माहितीये, पण ती मारतात आणि तुम्ही शिकवता यात जबाबदारीचा फरक आहे.

बाकी करा ना! स्वतः खेळलं नाही म्हणून कोच होता येत नाही असं काही नाही. अमेरिकेत यूसीएलए विद्यापीठाच्या जिम्नॅस्टिक्स टीमच्या 2019 पर्यंतच्या हेड कोच व्हॅलरी कोंडोस फील्ड, या बाई मूळच्या बॅले डान्सर, आयुष्यात जिम्नॅस्टिक्स केलं नाही. कोच झाल्यावर सुरुवातीला त्यांनी बाकीच्या कडक कोचची नक्कल केली, ओरडणं, टोमणे, आणि टीम बिघडली, मुली वैतागल्या. मग त्यांनी ते सोडलं, मुलींना माणूस म्हणून ओळखायला लागल्या, आपल्याला जे येतं म्हणजे नाच, त्यावर भर दिला, आणि टीमने सात वेळा राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. कॅटलिन ओहाशीचा 2019 चा फ्लोअरचा व्हिडिओ फिरला होता बघा, ती नाचत नाचत हसत हसत पूर्ण 10 घेते, ती यांचीच. ती आधी लहानपणी वरच्या लेव्हलला खेळून दुखापतींनी आणि शरीरावरच्या बोलण्यांनी पार खचलेली होती. फील्डबाईंच्या हाताखाली तिला परत खेळायची मजा यायला लागली. तुमच्याकडे कबड्डी आहे, म्हणजे दम, पायातली चपळाई, टीम बांधणं हे तुम्हाला येतं. तिथून चालू करा.

साधनांसाठी त्रिपुरातल्या आगरताळ्याकडे बघा. दीपा कर्माकरला आधी सोमा नंदी आणि मग त्यांचे मिस्टर विश्वेश्वर नंदी यांनी शिकवलं. तळपाय सपाट होते पोरीचे, उडी आणि लँडिंगला सपाट पाय अडचणीचा, त्यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, आणि सुरुवातीला उडीचं साधन जुन्या स्कूटरचे पार्ट जोडून बनवलेलं. तीच दीपा 2014 ला ग्लासगोच्या कॉमनवेल्थला ब्राँझ, 2016 ला रिओला व्हॉल्टमध्ये चौथी, 15.066 मार्क, ब्राँझवाली 15.216 ला होती. दीड दशांशाने मेडल गेलं. पण ऑलिंपिकला पोचलेली ती पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट होती, हे विसरून चालत नाही.

तुम्ही उद्यापासून काय करायचं? जमिनीवर चुन्याने पाच मीटर लांब आणि दहा सेंटीमीटर रुंद पट्टा आखा, खरा बीम एवढाच असतो, फक्त तो सव्वा मीटर उंचीवर असतो. त्या पट्ट्यावर चालणं, उलटं चालणं, एका पायावर गिरकी, उडी मारून परत पट्ट्यावरच उतरणं, मुलं तासन् तास खेळतील आणि कोणाचं काही मोडणार नाही. दुसरं म्हणजे मल्लखांब, आणि माझं ऐकाल तर आधी मल्लखांबच. आपल्या मातीतला आहे, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणला, एक लाकडी खांब, थोडं एरंडेल, नाहीतर नुसता दोर झाडाला. मुंबईचे उदय देशपांडे यांनी आयुष्यभर मल्लखांब शिकवला, अंध मुलांनाही शिकवला, 2024 ला त्यांना पद्मश्री मिळाली. खेलो इंडियातही मल्लखांब आलाय, त्यामुळे तुमच्या मुलांना वर जायला वाट आहे. खाली माती खणून भुसभुशीत ठेवा. आणि सुट्टीत पतियाळाला एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स करता येतो का बघा, कबड्डीवाल्या सरांना तिथे कोणी हसत नाही.

भुसावळ : मी नववीत आहे. जिम्नॅस्टिक्स करतो तर वर्गातले पोरं 'डान्सर' म्हणून चिडवतात, मुलींचा खेळ आहे म्हणतात. सोडून क्रिकेट घेऊ का?

क्रिकेट आवडत असेल तर घे बेटा, चिडवतात म्हणून घेऊ नको. तसं त्यांना सांग की 1896 च्या पहिल्या ऑलिंपिकला जिम्नॅस्टिक्स फक्त पुरुषांचं होतं, बायकांना 1928 पर्यंत घेतलंच नाही. मुलींना चार प्रकार असतात, मुलांना सहा. आणि 2010 ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये आशिष कुमारने सिल्व्हर आणि ब्राँझ आणलं, जिम्नॅस्टिक्समधलं भारताचं कॉमनवेल्थचं पहिलं मेडल त्याचंच. एवढं सांगूनही हसले तर त्यांना रिंग्सवर हात सरळ ठेवून अंग वर उचलून दहा सेकंद राहायला सांग. मग बघू कोण हसतं.

पारोळा : बाई, मना नातू दोन वरीस पासून क्लासले जास, फी भरी भरी कंटाळनूत, मेडल काही येत नही. शेजारना पोऱ्या दुसऱ्या क्लासले जास, तो सहा महिनामा गोव्याला नॅशनल खेळी उना, सर्टिफिकेट, मेडल, फोटो. आमना सरस्ना काय कामना?

आबा, तुमना सरस्ना काम चांगलं शे, जरा धीर धरा.

आता मराठीत लिहिते, बाकीच्यांनाही कळू द्या. सहा महिन्यांत नॅशनल खेळता येत नाही. खऱ्या शालेय स्पर्धा म्हणजे आधी जिल्हा, मग विभाग, आपला विभाग नाशिक, मग राज्य आणि मग राष्ट्रीय, 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट, आणि प्रत्येक पायरीवर निवड होते. जिथे फी भरली की डायरेक्ट 'नॅशनल', हॉटेल धरून पॅकेज, आणि गेलेल्या प्रत्येक पोराला मेडल, ती ट्रिप आहे, ट्रिप म्हणून पैसे द्यायचे तर द्या. दहावीचे ग्रेस मार्क किंवा नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण याच्यासाठी असल्या सर्टिफिकेटची पडताळणी क्रीडा खातं करतं, आणि मान्यता नसलेल्या संघटनेचा कागद तिथे चालत नाही. तेव्हा पोरगा रडतो आणि पालक आमच्याकडे येतात. पैसे भरायच्या आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन एकदा विचारायचं, ही संघटना तुमच्या यादीत आहे का. एवढंच.

नातू काय शिकला ते बघायचं असेल तर त्याला हँडस्टँडला उभा करा आणि मोजा. आणि सर त्याच्यावर ओरडतात का, तो क्लासला आनंदाने जातो का, ते पण बघा. माझा अंदाज, जात असेल, नाहीतर दोन वर्षं टिकला नसता.

जळगाव : मॅम, मी स्टेटपर्यंत खेळलेय, आता बी.पी.एड. झालंय. स्वतःचा क्लास काढायचाय. घरचे म्हणतात नोकरी बघ, आणि एक सर म्हणाले लेडीज कोचकडे पालक फक्त लहान मुली पाठवतात, मोठ्या लेव्हलला जेन्टस्‌च लागतात. मला लीडर व्हायचंय, नुसती बेबी बॅच सांभाळायची नाही. कुठून सुरुवात करू?

बेबी बॅचला 'नुसती' म्हणू नको ग. खेळाडू तिथेच बनतो. दीपाला पहिल्यांदा धरलं ते सोमा नंदींनी. पश्चिम बंगालच्या पिंगला गावातल्या बस ड्रायव्हरची पोरगी प्रणती नायक टोकियो ऑलिंपिकला गेली, तिला कोलकात्यात लहानपणापासून घडवलं मिनारा बेगम यांनी. सिमोन बाइल्ससुद्धा लहान असल्यापासून रिओपर्यंत एमी बूरमन या बाईंकडे होती, आणि बूरमनबाईंची ख्याती हीच की दमलेल्या पोरीला घरी पाठवायच्या, जबरदस्ती तास वाढवायच्या नाहीत. एवढं त्या सरांना ऐकव आणि कामाला लाग.

लीडर वगैरे शब्द मोठे वाटतात पण आपल्या धंद्यात ते सगळं दोन हातांत असतं. सपोर्ट द्यायचा म्हणजे काय हे तू खेळाडू म्हणून अनुभवलंय, आता दुसऱ्या बाजूने बघ. समज बॅक हँडस्प्रिंग आहे, तू बाजूला गुडघ्यावर, एक हात कमरेच्या मागे, एक मांडीच्या मागे. हात कुठे ठेवणार ते आधी मुलीला सांगायचं, तिच्या आईसमोर दाखवायचं, म्हणजे स्पर्शाबद्दल कोणाच्या मनात काही राहत नाही आणि उद्या दुसऱ्या कोणी हात चुकीच्या ठिकाणी ठेवला तर तिला लगेच कळतं. पहिले कित्येक दिवस पूर्ण वजन तुझ्या हातावर येतं, मग निम्मं, मग नुसता हात टेकलेला, मग हात जवळ पण टेकलेला नाही. शेवटी बाजूला व्हायचं. काही कोच मुलीला न सांगता हात काढतात आणि ती उतरली की म्हणतात, बघ, आलं की नाही तुला! टाळ्या होतात, पण त्या दिवसापासून ती पोरगी प्रत्येक उडीच्या आधी डोळ्याच्या कोपऱ्यातून कोचचे हात शोधते आणि तिथेच पडते. मी आधी सांगते, आता हात नाहीये, चालेल? ती नको म्हणाली तर हात परत. दहा वेळा नको म्हणाली तर दहा वेळा परत. यात आठवडे जातात आणि पालक वैतागतात, वैतागू देत.

कोचला सगळ्यात जास्त ओढ मेडलची असते, पालकांपेक्षा जास्त, हे स्वतःशी मान्य करून ठेव. रिओला दीपाची फायनल जवळ आली तेव्हा नंदीसरांनी तिच्या फोनचं सिमकार्ड काढून घेतलं होतं, फक्त आईवडिलांशी बोलायला परवानगी, तिचा 23 वा वाढदिवस पण तसाच गेला. ती 23 वर्षांची होती, तिला मान्य होतं, आणि त्या दोघांचं नातं बापलेकीसारखं, म्हणून ते शोभलं. पण आपल्याकडे हे वाचून कोणी बारा वर्षांच्या पोरीला कोंडून ठेवायला लागला तर? म्हणून मोठ्या कोचची गोष्ट ऐकली की मी आधी विचारते, पोरीचं वय किती होतं आणि तिला विचारलं होतं का. प्रोडुनोव्हा व्हॉल्टचंही तेच. जगातल्या अगदी मोजक्या बायकांनी मारलेला, मान मोडायची भीती असलेला व्हॉल्ट, दीपाने रिओच्या आधी तो सरावात हजारभर वेळा मारला होता. लोकांनी रिओ बघितलं, तो सराव कोणी बघितला नाही.

पैशाचं बोलू. पहिलं वर्षभर शाळेतली नोकरी किंवा पार्टटाइम धर आणि संध्याकाळी क्लास काढ, घरचेही गप्प बसतील. हॉल भाड्याने घे, मॅट विकत घे, उलटं नको करू. हॉलचं इंटिरियर आणि बॅनर यात पैसे घालवलेले मी बघितलेत आणि तिथे फाटक्या मॅटवर मुली उड्या मारताना पण बघितल्यात. फर्स्ट एडचं शिकून घे, बॉक्समध्ये नुसतं आयोडेक्स ठेवू नको. बॅच पंधरापेक्षा मोठी झाली तर मदतनीस घे, शक्यतो तुझ्याच जुन्या खेळाडूंपैकी. आणि दाराला काच असलेला हॉल बघ, पालकांना बाहेरून सगळं दिसलं पाहिजे, तुझ्यासाठी पण ते बरंच.

शहादा : मे महिन्यात समर कॅम्प घ्यावा का? इकडे पारा 44-45 ला जातो.

घ्या, पण सकाळी सहा ते आठ, साडेआठला हॉल बंद. पत्र्याचं शेड असेल तर तेही नको, नऊला आत भट्टी होते, मुलांच्या हाताला घाम येतो आणि बारवरून हात सुटतो, चॉक कितीही लावा. पाण्याचे माठ दोन भरून ठेवा, दर वीस मिनिटांनी सगळ्यांना प्यायला लावा, तहान लागलीय का विचारत बसू नका. डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणालं कोणी तर त्या दिवशी त्याचा कॅम्प संपला, सावलीत बसवा, घरी फोन करा.

आणि वेळापत्रक छापताना आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) दोन दिवस सुट्टी टाका. झोके बांधलेले असतात, त्या दिवशी एकही पोरगी बीमवर येणार नाही, उगाच हजेरी घेऊन चिडत बसाल.